पाचपैकी किती?

आमच्या सरांनी स्वतःच्या सासऱ्यांच्या मयताला पाचपैकी साडेतीन गुण दिले होते. मी शेजारीच उभा होतो म्हणून ऐकलं. चिता पेटली, लोक मागे सरकले, आणि सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "व्यवस्था चांगली होती. पण लाकडं ओली, आणि श्रद्धांजलीची भाषणं लांबली. साडेतीन." मग त्यांनी रुमालानं डोळे पुसले. डोळ्यांत पाणी होतं हे खरं; ते धुराचं होतं की सासऱ्यांचं, ते मला ठरवता आलं नाही.

गुण देणं हा सरांचा धंदाही होता आणि व्यसनही. सांगलीतल्या एका संशोधन संस्थेत ते 'वापरकर्ता अनुभव' विभागाचे प्रमुख होते. विभाग म्हणजे सर, मी आणि पावसाळ्यात कागद ओढायला नकार देणारा एक प्रिंटर. गणितात एम.एस्सी. करून घरी बसलो होतो, तिथून सरांनी मला उचललं. मुलाखतीत त्यांनी गणितातलं काहीही विचारलं नाही. "खुर्ची कशी वाटली?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "जरा डुगडुगते." सर खूश झाले आणि लगेच नेमणूक झाली. ती खुर्ची पुढे मलाच मिळाली.

दाढी करून घेताना ते न्हाव्याला सांगायचे, "तीन. वस्तरा उत्तम, संवाद अपुरा." मिसळीच्या गाड्यावर "सव्वातीन, रश्शाला खोली नाही." एसटीच्या कंडक्टरला उतरताना "अडीच" असं म्हणून आले होते आणि कंडक्टरनं अडीच काय, म्हणून स्टँडभर त्यांचा पाठलाग केला होता. पाच मात्र त्यांनी कुणाला कधीच दिले नाहीत. "पाच दिले की माणूस बसतो," ते म्हणायचे. "सुधारणा संपते. माझ्या हातून कुणाची सुधारणा संपणार नाही." बोलताना आवाज असा व्हायचा की जणू समोरच्यावर उपकारच चाललेत.

दुसरं त्यांचं आवडतं वाक्य, "मत नको, अनुभव सांग." एकदा मी सकाळी फोन केला, "सर, मला वाटतं मला ताप आलाय." तर म्हणाले, "वाटतं हे मत झालं. अनुभव सांग." मी म्हणालो, "थंडी वाजतेय." "पाचपैकी किती?" मी दात वाजवत चार म्हणालो. "मग ये," सर म्हणाले. "पाच असते तर सुट्टी दिली असती." मी गेलो. संध्याकाळी पाच झाले, पण तोवर कार्यालय सुटायची वेळ झाली होती.

आमच्याकडे ज्या कामासाठी सर मुळात नेमले गेले होते ते असं. पुण्याच्या एका कंपनीनं शाळांसाठी गणिताचं अॅप केलं होतं. टॅबलेटचा कॅमेरा एका छापील कार्डावर धरायचा, की पडद्यात त्या कार्डावर शंकू, गोल, वृत्तचिती असं काहीतरी उभं राहायचं. बोटानं फिरवा, कापा, आत डोकावून बघा. टेबल तुमचंच, आणि त्यावरचा शंकू मात्र नसलेला. याला सगळे इंग्रजीत ऑगमेंटेड रिअॅलिटी म्हणतात. सर 'संवर्धित वास्तव' म्हणायचे आणि म्हणून झाल्यावर थोडं थांबायचे, ऐकणाऱ्याला दचकायला वेळ मिळावा म्हणून. हे वापरताना मुलांना कसं वाटतं, गोंधळ होतो का, गणित खरंच कळतं का, हे आम्ही तपासायचं.

गंमत अशी की सरांनी स्वतः ते अॅप कधी वापरलंच नाही. पहिल्या दिवशी मी त्यांच्या टेबलावर कार्ड ठेवलं आणि टॅबलेट हातात दिला. गोल उभा राहिला. सर त्याच्या मागे काय आहे ते बघायला टॅबलेट घेऊन टेबलाभोवती अर्धी फेरी मारून आले, मग एकदम भिंतीला टेकले, आणि मग मला बादली आणावी लागली. त्यांना हलत्या पडद्याची चक्कर यायची. दुसऱ्या दिवशी त्यांनी विभागाचं नवं धोरण जाहीर केलं: मूल्यमापकानं साधनापासून अंतर राखावं, म्हणजे निःपक्षपातीपणा टिकतो. त्या दिवसापासून टॅबलेट सुरू झाला की सर खिडकीकडे तोंड करून निःपक्षपाती उभे राहायचे.

मुलांच्या चेहऱ्यांवरही त्यांचा विश्वास नव्हता. "चेहरा शिकवलेला असतो. पाय बघ." मूल कंटाळलं की पाय हलतात, रमलं की बोटं आखडतात, असा त्यांचा सिद्धान्त होता. सांगलीच्या एका शाळेत ते बाकांच्या रांगांमध्ये वाकून पाय बघत फिरले तेव्हा मुख्याध्यापिकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की हे गृहस्थ नक्की शिक्षणखात्याचेच आहेत ना.

सरांचं घर माधवनगरला. मी कधी कामाचे कागद घेऊन गेलो की काकू जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. काकूंच्या हातची भरली वांगी मी आयुष्यात विसरणार नाही. सर पहिला घास घ्यायचे, डोळे मिटायचे, दुसरी भाकरी मागायचे, तिसरी मागायचे, आणि ताटावरून उठताना म्हणायचे, "तीन." हेच सर माझ्याकडे आले तेव्हा माझ्या आईच्या पिठल्याला साडेचार देऊन गेले होते. माझी आई चांगली बाई आहे, पण तिचं पिठलं अडीचच्या वर जात नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी हे काकूंना सांगितलं तर त्या भांडी उचलता उचलता हसल्या. "अहो, तिकडे पाहुणे होते ते. मला लग्नापासून तीनच आहेत. एकदा चार म्हणाले तर मला घोर लागला, कुठं दुखतंय का म्हणून."

सर तिथंच बसले होते. त्यांनी ऐकलं आणि बडीशेप खाल्ली. त्यांना त्यात तपासण्यासारखं काही वाटलं नाही.

मग वडूजच्या पलीकडची ती शाळा आली.

शाळा म्हणजे माळावरचं हायस्कूल. पूर्वी मेंढरं घेऊन फिरणाऱ्या आणि आता ज्वारी-बाजरी करणाऱ्या घरांतली बरीच मुलं तिथे. सरकारी गणित शिक्षकाची जागा रिकामी, आणि ती भरली जाईल अशी आशा कुणी करत नव्हतं. म्हणून साताऱ्याची एक संस्था तिथल्या गणिताच्या बाईंचा पगार देत होती. आता त्या संस्थेला असं वाटू लागलं होतं, की एका शाळेत एक बाई ठेवण्याऐवजी तेवढ्यात बऱ्याच शाळांना टॅबलेट देता येतील. आम्ही जायचं, अॅप मुलांना द्यायचं आणि अहवाल लिहायचा. अहवाल अॅपच्या बाजूनं गेला तर बाईंची नोकरी संपणार. सरांनी हे मला गाडीत, विटा ओलांडल्यावर सांगितलं, आणि वर असंही सांगितलं की काम नीट झालं तर संस्थेच्या सगळ्या शाळांचं मूल्यमापन आपल्याकडे येईल. "म्हणजे विभाग वाढेल," ते म्हणाले. मला वाटलं दुसरा प्रिंटर येईल.

बाई माहेरच्या कुंडलच्या, उसाच्या गावातल्या. लग्न होऊन या कोरड्या मुलखात आलेल्या. नवरा सैन्यात. आवाज चढा, रागही चढा. आम्ही पोचलो तेव्हा व्हरांड्यातून त्यांचाच आवाज येत होता, "आरं, पाया म्हंजे काय, उंची म्हंजे काय, काल घसा फोडून सांगितलं की रं तुमाला!" बाहेर येऊन त्यांनी आम्हाला नमस्कार केला आणि चहा मागवला. सर मुख्याध्यापकांशी बोलत होते तेव्हा मी हळूच विचारलं, "बाई, हे सगळं कशासाठी आहे ते मुलांना माहीत आहे का?"

"न्हाई. आणि सांगायचंबी न्हाई."

"निदान थोडी कल्पना दिलीत तर..."

"म्हंजे गुण मागून घ्यायचे व्हय पोरांकडनं?" त्यांनी कप खाली ठेवला. "आवं, गेली नोकरी तर म्हशी हायत घरी. सासूबाई वाटच बघत्यात कवा हिची शाळा सुटतीया. पण मागून घ्यायची न्हाई मी."

म्हशींचं त्यांनी हसत सांगितलं. हसण्यात काही दम नव्हता.

वर्गात शिरलो तर मुख्याध्यापकांनी टॅबलेटची पूजा मांडली होती. एका टेबलावर टॅबलेट, शेजारी आमची छापील कार्डं, उदबत्ती, फुलं. मी पुढे व्हायच्या आत त्यांनी प्रत्येक कार्डावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि ते पाणीही सगळ्यांवर शिंपडलं. "नवी वस्तू हाय," ते म्हणाले, "पूजा केल्याबिगर पोरांच्या हातात कशी द्यायची?" त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. अडचण एवढीच, की अॅप कार्डावरची नक्षी ओळखून शंकू उभा करतं, आणि त्या नक्षीच्या मधोमध आता ओल्या कुंकवाचा मोठा गोळा होता. कॅमेऱ्याला काही ओळखू येईना.

निम्म्या टॅबलेटांवर शंकू आला. निम्म्यांवर हळदीकुंकू वाहिलेलं कार्ड तेवढं दिसत राहिलं. मी धावत जाऊन कार्डं पुसली तर कुंकू आणखी पसरलं. मुलं चार-चारच्या घोळक्यानं टॅबलेटवर डोकी घालून बसली होती. मी एका घोळक्याला विचारलं, "दिसतोय का शंकू?" तिथे काहीही दिसत नव्हतं, मी स्वतः बघत होतो. पहिल्या रांगेतली पूनम नावाची दोन वेण्यांची मुलगी मोठ्यानं म्हणाली, "दिसतोय की सर! लय भारी!" आणि सगळा घोळका "लय भारी" म्हणाला.

मी सरांकडे गेलो. ते अर्थातच खिडकीत उभे होते. "सर, निम्म्या मुलांना काहीच दिसत नाहीये, आणि ती म्हणतायत दिसतंय."

"त्यांनी काय सांगितलं?"

"लय भारी."

"मग?" सर माझ्याकडे वळले. "अनुभव त्यांचा आहे. तू तुझं मत मध्ये आणू नकोस."

पायांचा सिद्धान्तही इथे चालेना, कारण वर्गात बाकच नव्हते. मुलं सतरंजीवर मांडी घालून बसली होती आणि पाय मांडीखाली होते. तेव्हा सरांनी त्यांचं मुख्य हत्यार काढलं. पाच चेहऱ्यांचा तक्ता. रडका, हिरमुसला, मधला, हसरा आणि खूप हसरा. चेहरे सरांनी स्वतः काढले होते. मधल्याची दाढ दुखत असावी असं वाटायचं. प्रत्येकाला तक्ता आणि एक-एक टिकल्यांचं पाकीट. जो चेहरा आपल्यासारखा वाटतो त्यावर टिकली लावायची. पेनाची खूण कुठे पडते ते कळत नाही, टिकली स्वच्छ दिसते, असा सरांचा शोध होता. तक्ते गोळा केले. बहुतेक मुलींनी पाचही चेहऱ्यांच्या कपाळावर नीट मधोमध टिकली लावलेली. सरांनी एकीला विचारलं, हे काय केलंस? ती बिचारी घाबरली. "आवं सर, एकीलाच लावून बाकीच्यांचं कपाळ मोकळं ठिवायचं व्हय? बरं दिसतंय का त्ये?"

मी तोंड फिरवलं. सरांनी तक्ते पिशवीत भरले आणि जाहीर केलं, की आता साधी पद्धत वापरू. हाताची बोटं दाखवायची. आवडलं तर पाच, अजिबात नाही तर एक.

"अॅप कसं वाटलं? पाचपैकी किती?"

सगळ्या वर्गाचे हात वर. सगळे पंजे उघडे. ज्यांना काही दिसलं नव्हतं त्यांचे तर जरा जास्तच वर होते.

सर थबकले. त्यांच्या आयुष्यात त्यांनी इतके पाच एकत्र पाहिले नव्हते. मग घसा खाकरून म्हणाले, "आता तुलना. बाई, आपण जरा बाहेर थांबाल का?" बाई व्हरांड्यात गेल्या. तिथल्या खिडकीतून आतलं सगळं दिसत होतं, हे सरांच्या लक्षात आलं नाही. "बाईंचं शिकवणं. पाचपैकी किती?"

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. मग एकेक हात वर गेला. तीन बोटं. सगळीकडे तीन. एका पोरानं दोन दाखवली आणि शेजारणीनं त्याला कोपर मारून तिसरं उघडायला लावलं.

मी खिडकीकडे बघितलं. बाई तिथे होत्या. पदर खोचून त्या आत आल्या आणि ओरडल्या, "हात वर केल्यात ती नखं बघा आधी! उद्याच्याला कापून आला न्हाईत तर बघा." आम्हाला निरोप देताना त्या माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "बरोबरच हाय पोरांचं. कालच सगळ्यांना फोडून काढलंय मी." मग फळ्यावरचं पुसायला वळल्या आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

परतीच्या वाटेत सर अस्वस्थ होते. "पाच?" मायणीला चहा पिताना ते स्वतःशीच म्हणाले. "पाच कसे?" माझ्या मनात आशा उगवली. पाच म्हणजे काहीतरी चुकलंय, हे शिकवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं ते आता तरी थांबतील असं वाटलं. चहा संपेपर्यंत सरांना वाट सापडली. "मी पाच देत नाही," ते म्हणाले. "त्यांनी दिले. मी फक्त मोजतो." आणि चहाला पावणेतीन देऊन ते गाडीत बसले.

अहवाल उत्तम झाला. त्यात लिहिलं होतं, 'साधन-घटकाचा अनुभव सर्वोत्कृष्ट. शिक्षक-घटकाचा अनुभव मध्यम.' कुंकवाचा परिच्छेद मी घातला होता, तो सरांनी 'स्थानिक परिस्थितीजन्य' असे दोन शब्द करून तळटीपेत टाकला. बाईंना शिक्षक-घटक म्हणून नोकरीवरून काढता येतं हे मला तेव्हा कळलं. माणूस म्हणून काढायला जरा जड गेलं असतं.

वर्ष संपताना शाळेचं आमंत्रण आलं. मुख्याध्यापक काटकसरी, त्यांनी एकाच मांडवात दोन कार्यक्रम ठेवले. आधी टॅबलेटचं लोकार्पण आणि मग बाईंना निरोप. फेटे तेच, माइक तोच, केळीचे खांबही तेच. सरांना प्रमुख पाहुणे म्हणून मोठा भगवा फेटा बांधला, त्याचा तुरा डोळ्यांवर येत होता. टॅबलेटवर अक्षता पडल्या, टाळ्या पडल्या, आणि तेवढ्याच टाळ्यांत मुख्याध्यापकांनी बाईंना साडी आणि नारळ दिला. बाई दोन वाक्यं बोलल्या. "अभ्यास करा. घसा फोडायला कुणी नसलं तरी करा." एवढं बोलून त्या खाली बसल्या.

मुलं रडत होती. लहान मुलं एकाचं बघून दुसरं रडतं तसं नव्हे. आपलं काहीतरी जातंय हे कळून रडत होती.

इथे दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. सर माइकजवळ गेले. सवयीनं गेले असावेत, माझा तरी तोच अंदाज आहे. "मुलांनो, आज बाईंना पाचपैकी किती?"

मुलांनी डोळे पुसत हात वर केले. तीन बोटं. पुन्हा सगळीकडे तीन.

सरांचा तुरा हलला. "रडताय एवढे, आणि तीन?"

मग पूनम उभी राहिली. तिचं नाक लाल झालं होतं. "आवं सर, बाई घरच्या हायत. घरच्याला कुणी पाच देतं व्हय?"

"मग त्या अॅपला कसे दिले?"

"त्ये तुमी आणल्यालं न्हवं का?" पूनमला प्रश्नाचंच नवल वाटलं. "पाव्हण्यानं काय आणलं तर त्याला नाव ठिवायचं न्हाई. बाईंनीच शिकिवलंय आमाला."

मांडवात बायका हसल्या, कुणीतरी टाळी वाजवली. बाईंनी मान खाली घातली. सर माइक धरून उभे राहिले. मला काकूंचं ताट आठवलं, तीन भाकऱ्यांनंतरचे तीन आणि माझ्या आईच्या पिठल्याचे साडेचार. सरांनाही आठवलं असावं, कारण त्यांचा चेहरा त्यांच्याच तक्त्यातल्या मधल्या चेहऱ्यासारखा झाला होता. सगळं आयुष्य ज्या नियमानं जेवले, तोच नियम समोर मांडला तर त्यांना ओळखू आला नव्हता. मला त्यांची कीव आली नाही. राग आला, आणि तो गाडीत बसेपर्यंत टिकला.

विट्याच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. फेटा अजून डोक्यावरच होता. ते म्हणाले, "प्रश्न चुकला माझा." इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काढली, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मग माझ्या फोनवरून त्यांनी बाईंना फोन लावला. "बाई, मी साताऱ्याला जातो. संस्थेच्या अध्यक्षांना भेटून सांगतो, अहवालातला निष्कर्ष चुकीचा आहे. तुमची जागा राहायला हवी." पलीकडून बाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, फोन ठेवताना सर म्हणाले, "मी शब्द देतो." खरं सांगतो, त्या क्षणी मी मनातल्या मनात सरांना चार दिले.

साताऱ्याला आम्ही लगेच पुढच्याच आठवड्यात गेलो. सर येणार हे कळवलं होतं, तीच चूक झाली. जिन्यावर रांगोळी होती. अध्यक्षांच्या दालनात सगळे कर्मचारी उभे, फोटोवाला उभा, आणि फेटे बांधणारा माणूस कापड उलगडून तयार. "या, या सर!" अध्यक्ष स्वतः पुढे आले. "तुमच्या अहवालानं आमचे डोळे उघडले."

"त्याबद्दलच जरा बोलायचं होतं," सर म्हणाले.

"बोलू की! आधी फेटा."

फेटा झाला. शाल झाली. नारळ हातात आला. सर पुन्हा म्हणाले, "एक गोष्ट सांगायची होती. त्या शाळेतल्या बाई..."

"बोला ना, बोला. पण आधी तोंड गोड करा," म्हणत अध्यक्षांनी एक अख्खा कंदी पेढा सरांच्या तोंडात घातला. पेढा मोठा होता. सर चावत होते तेवढ्यात अध्यक्षांनी जाहीर केलं, की संस्थेच्या सगळ्या शाळांचं मूल्यमापन आता सरांकडेच राहील. टाळ्या. मग त्यांनी सरांच्या खांद्यावर हात टाकला, फोटोवाल्याकडे तोंड वळवलं आणि हसत विचारलं, "सर, तुम्ही जगाला गुण देता म्हणे. मग सांगा, आमच्या संस्थेला पाचपैकी किती?"

सगळं दालन बघत होतं. मी दाराशी होतो. सरांनी पेढा गिळला. आता ते बोलू शकत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, सर, आत्ता. माझी कधी कुणाकडून इतकी अपेक्षा नव्हती.

सरांच्या एका हातात नारळ होता. दुसरा हात हळूहळू वर गेला. आणि त्यांनी पंजा पूर्ण उघडला.

फोटो काढला गेला. तो अजून त्या दालनात लावलेला आहे म्हणे.

खाली उतरल्यावर सर गाडीत बसले, नारळ मांडीवर घेऊन. त्यांनी मला पेढ्यांना किती हेही सांगितलं नाही. कराड आलं तरी फेटा डोक्यावरच होता. त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हा विचार मी मुद्दाम केला नाही. मला त्या दिवशी रागवायचं होतं, आणि मी रागावलो.

फोन मात्र मलाच आला. बाईंचा. "सरांचं काम झालं का, म्हणून इचारावं म्हटलं. ते उचलत न्हाईत फोन."

मी मागे वळून बघितलं. सर डोळे मिटून बसले होते, फेटा तिरका झाला होता.

"बाई," मी म्हणालो, "सत्कार लई मोठा झाला. फेटा, शाल, सगळं. सरांना बोलायला..."

बाई म्हणाल्या, "व्हय. पाव्हणं हुतं न्हवं का ते तिथं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. मागे कुठेतरी एक म्हैस ओरडली आणि सासूबाईंची हाक आली.

"ठिवते," बाई म्हणाल्या. "धारंची येळ झालीय."